सव्वीस पौंडांचं पोतं

दसऱ्याच्या सकाळी बेंगळूरचे रस्ते कसे असतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली असते. गावातल्या झाडून साऱ्या लॉऱ्या, बसगाड्या, टांगे, सायकली धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजलेल्या असतात आणि प्रत्येक वाहनावरून ओवाळून एकेक कोहळा रस्त्यात आपटलेला असतो, आत कुंकू भरून. वाहनाला अपघात होऊ नये म्हणून. फुटलेला कोहळा उचलायची मात्र रीत नाही. उतरवून टाकलेल्या दृष्टीला हात कोण लावणार? तो तिथंच पडून राहतो आणि सकाळपर्यंत त्याचा गर चांगला बुळबुळीत होतो.

आमची स्कूटर त्या गरावरूनच घसरली.

राजाजीनगरातून आम्ही पेठेत माझ्या माहेरी सोनं द्यायला निघालो होतो. हे चालवत होते. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव उखाण्यापलीकडे मी कधी घेतलं नाही आणि आता या वयात सुरुवात करणार नाही. थोरली तेव्हा साडेपाच वर्षांची, ती पुढे उभी होती. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते आणि सव्वादोन वर्षांचा धाकटा माझ्या मांडीवर होता. लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या ओळीपाशी वळताना मागचं चाक सरकलं. फार वेगही नव्हता. स्कूटर आडवी झाली, थोरलीचा गुडघा फुटला, यांचा कोपर सोलला. मला खरचटलंसुद्धा नाही. धाकटा मात्र माझ्याजवळ नव्हता. तो चार हातांवर, फुटपाथच्या दगडाशी पडला होता आणि रडत नव्हता.

त्याच्या भुवईवर चार टाके पडले. दोन दिवस नीट लक्ष ठेवा, सारखं जागं करत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवस मी त्याला हलवून हलवून उठवत होते आणि तो माझ्याकडे परक्यासारखा बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दूध मागितलं आणि दिल्यावर भांडं फेकून दिलं, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

मूल वाचलं. पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? आमच्या माहेरची मंडळी तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेली, त्यामुळे आईला अम्मा म्हणायची रीत आणि बोलण्यात निम्मं कानडी. अम्मा टाके बघायला आली आणि पहिलं वाक्य बोलली, "कसं गे सोडलंस लेकराला?" पुण्याहून सासूबाईंचं पत्र आलं. तीन पानं देवदयेची, आणि शेवटी एक ओळ, "आईच्या हातातलं मूल सुटतंच कसं, हे मात्र मला समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी तो क्षण आठवून आठवून झिजवून टाकला. स्कूटर कलली तेव्हा माझा उजवा हात कुठं होता? मी मागची स्टेपनी पकडली का? स्वतःला सावरण्यासाठी मी पोराला सोडलं का? मला काहीच आठवत नव्हतं. मला खरचटलं नव्हतं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. हे मी कोणाला विचारलं नाही. यांना तर नाहीच. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचा मी मला पाहिजे तो अर्थ लावून बसले होते.

आठवड्याभरात यांनी स्कूटर विकली आणि म्हणाले, "आता मोटार." नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. म्हणजे जुनीच घ्यायची. जुनी गाडी बघायला जाताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर दाबतात, ओळखीचा मिस्त्री बरोबर नेतात. आमचे हे वाळूची पोती नेणार होते.

यांची नोकरी विमानाच्या कारखान्यात. तिथं नव्या विमानाचा पंख किती भार सोसेल हे बघायला त्याच्यावर मोजून मापून वाळूची पोती रचतात. हे त्याच खात्यात होते. पोती चढवायची, वही घेऊन समोर उभं राहायचं आणि पंख कुठं वाकतो, कुठं करकरतो ते लिहायचं, हा यांचा धंदा. लग्न झाल्यापासून मी बघत आले, हा माणूस दुसऱ्याच्या शब्दावर नव्या खुर्चीत बसत नाही.

एका रविवारी हे दोन्ही मुलांना सरपणाच्या वखारीत घेऊन गेले आणि लाकडं तोलायच्या काट्यावर बसवून त्यांची वजनं केली. थोरली एकेचाळीस पौंड, धाकटा सव्वीस. तेवढ्याच वजनाची वाळू भरून दोन गोणपाटी पोती आमच्या व्हरांड्यात उभी राहिली. थोरलीला फार गंमत वाटली. तिनं आपल्या पोत्याच्या गळ्याला लाल रिबन बांधली.

अम्माला हे कळलं तेव्हा ती बसल्या जागेवरून उठली. "लेकरांना लाकडाच्या काट्यावर तोललं? स्वल्प तरी देवाची भीती धरा. दृष्ट लागते अशानं."

"दृष्ट काढलेल्या कोहळ्यावरनंच पडलो ना आम्ही," मी म्हटलं. अम्मा माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

पहिली गाडी कॅन्टोन्मेंटातल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांची होती. बायकोमुलांसह ते कायमचे परदेशी निघाले होते. गाडी मोठी, काळी, आत चामड्याचा वास. मला बघताक्षणी आवडली. मागची दारं मात्र उलटी उघडायची, बिजागरं मागच्या अंगाला. त्या काळच्या बऱ्याच विलायती गाड्यांची तशी असत. गाडी दाखवायला आलेला दलाल म्हणाला, साडी नेसून उतरायला असं दार फार सोयीचं. यांनी दोन्ही पोती मागच्या बैठकीवर ठेवली, मला पुढे बसवलं आणि रिकाम्या रस्त्यावर एक जोराचं वळण घेतलं.

थोरलीचं पोतं घसरत दारापर्यंत गेलं. दार उघडलं. उघडलं ते वाऱ्यानं पार मागे फाकलं आणि पोतं रस्त्यावर गेलं. मी मान वळवून बघितलं. लाल रिबन धुळीत पडली होती, फाटलेल्या पोत्यातून वाळू वाहत होती, आणि मागून येणारा सायकलवाला वळसा घालून निघून गेला.

"कडी नीट लागली नसेल," रस्त्याच्या कडेला उभा असलेला दलाल धावत येऊन म्हणाला.

"मुलं कडी नीट लावतात का?" यांनी विचारलं.

त्यानंतर किती गाड्या बघितल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. हे प्रत्येक गाडीत गुडघ्यांवर बसायचे, मान खाली घालून मुलाच्या उंचीला यायचे आणि हाताचा तळवा सगळीकडे फिरवायचे. एकीत पुढच्या बैठकीच्या पाठीला पत्र्याची राखदाणी होती, बरोबर थोरलीच्या दातांसमोर. एकीच्या दाराची मूठ नुसता कोपर टेकला तरी खाली जायची. एकीच्या ब्रेकला गाडी डावीकडे ओढायची. एकीत पोत्यांना काही झालं नाही, पण गाडीच्या तळाला भोक होतं आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. दलालांमध्ये आमचं नाव पडलं. आम्ही गल्लीत शिरलो की एकजण दुसऱ्याला हाक मारून सांगायचा, "चीलदवरू बंदरू," म्हणजे पोतेवाले आले. की दुसरा आत जाऊन बसायचा.

मला हसू यायचं नाही. गाडी मिळेपर्यंत मुलांना घेऊन मी बसनं जात होते. बसमध्ये मी धाकट्याला इतकं घट्ट धरायचे की त्याच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठायचे. तो रडायचा, शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, "सैल सोड गं बाई, पळून जातंय का ते?" तिला काय सांगणार? माझ्याकडून एकदा गेलं होतं. या हातांचा मला भरवसा उरला नव्हता आणि दुसरे हात आणायचे कुठून?

शेवटी एक लहानशी दोन दारांची गाडी मिळाली. एका निवृत्त प्राध्यापकांची. त्यांचे डोळे गेले म्हणून विकायची होती. मागच्या बैठकीला दारंच नाहीत. पुढची बैठक दुमडली की आत जायचं. यांचे डोळे चमकले. मी म्हटलं, "आणि आग लागली तर? तळ्यात गेली तर? मुलांना काढायचं कुठून?" हे म्हणाले, रास्त आहे, आणि घड्याळ लावून त्यांनी माझ्याकडून थोरलीला मागच्या बैठकीवरून बाहेर काढवलं. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्या वेळी थोरली म्हणाली, "आई, मला कंटाळा आला. मी आगीतच राहते." मी तिला एक धपाटा घातला आणि मग तिला कुशीत घेऊन बसून राहिले.

पोत्यांची परीक्षा व्हाइटफील्डकडच्या रस्त्यावर झाली. तेव्हा दुपारच्या वेळी तो रस्ता ओस असायचा. दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच एखादी बैलगाडी. मुलांना अम्माकडे ठेवलं होतं. हे वेगात गेले, ब्रेक दाबला, वळले, पुन्हा ब्रेक दाबला. पोती पुढे सरकून पुढच्या बैठकीच्या पाठीला टेकली आणि तिथंच राहिली. बैठक पुढे कोसळू नये म्हणून यांनी प्राध्यापकांना विचारून आधीच एक कडी बसवून घेतली होती. हे गाडी थांबवून उतरले, सगळं तपासलं. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

"ही घ्यायला हरकत नाही," म्हणाले.

"थोरलीचं ठीक आहे," मी म्हटलं. "धाकटा मागे बसणार नाही. तो माझ्या मांडीवर बसणार. मग त्याचं पोतं मागे ठेवून काय उपयोग?"

सगळ्यांचीच लहान मुलं आईच्या मांडीवर बसायची. टांग्यात, बसमध्ये, मोटारीत. यापरतं सुरक्षित दुसरं काही असतं, असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हे मात्र चष्मा काढून पुसत राहिले.

"द्या ते पोतं माझ्याकडे," मी म्हटलं.

"नको."

"का नको?"

"काय होईल ते मला माहीत आहे."

"मला नाही ना माहीत."

खरं म्हणजे मला गाडीची परीक्षा घ्यायचीच नव्हती. मला माझे हात बघायचे होते. स्कूटरवर ते काय करून बसले हे मला आठवत नव्हतं; इथं दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून कळणार होतं. हे बराच वेळ नको नको म्हणत राहिले. मग म्हणाले, "पाय पुढे रोव. मान ताठ ठेव. वीस मैलांच्या वर जाणार नाही. तीन म्हटलं की दाबतो."

धाकट्याचं पोतं मी मांडीवर घेतलं, दोन्ही हातांचा विळखा घातला आणि बोटांत बोटं अडकवली. सव्वीस पौंड. अगदी त्याच्याएवढं जड. गोणपाट गालाला टोचत होतं. हे मोजू लागले. तीन म्हणाले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

मी सोडलं नाही. हे मी शपथेवर सांगते. माझी बोटं ओढली गेली, एकातून एक उकलली गेली, आणि पोतं समोरच्या लोखंडी फळीवर आदळून माझ्या पायांत पडलं. फळीवरच्या एका खटक्यानं त्याला वरच्या अंगाला भोक पाडलं होतं. त्यातून वाळू माझ्या पावलांवर गळत होती.

"पुन्हा," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी मी पदर दोनदा त्याच्याभोवती गुंडाळून घेतला. पदर फाटला. तिसऱ्या वेळी वाळू कमी झाली होती, तरीही ते गेलं. माझे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत गोणपाटानं सोलून निघाले होते आणि मी रडत होते. माझं मूल माझ्या मांडीवर सुरक्षित नाही, कधीच नव्हतं, हे मी तीन वेळा बघितलं होतं. आणि त्याच वेळी छातीवरचा वरवंटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"नाही धरता येत," मी म्हटलं.

"कोणालाच नाही येत. मलाही येणार नाही. मूल सव्वीस पौंडांचं असतं ते गाडी चालू असेपर्यंत. थांबताना ते सव्वीस पौंडांचं राहत नाही."

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. स्कूटर काय नि मोटार काय, गणित तेच."

"मग बोलला का नाहीत?"

हे खरोखर गोंधळले. "मला वाटलं, तुलाही माहीत आहे. तूच तर धरलं होतंस."

"आणि सासूबाईंनी तसं लिहिलं तेव्हा?"

"आईला मी उत्तर धाडलं होतं. दोन पानं गणित घालून. तिला पटलं नाही."

म्हणजे पुण्याला दोन पानं गेली होती, आणि एका घरात, एका ताटलीतून चिवडा खाणाऱ्या बायकोला एक ओळ नाही. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला. विमानाचा पंख कुठं करकरतो ते या माणसाला शंभर फुटांवरून ऐकू यायचं. हलसूरचं तळं येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. तळ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली, आपला रुमाल भिजवून आणला आणि माझ्या हातांवर ठेवला. "चुकलं माझं," म्हणाले. मग मी बोलले.

गाडी घेतली. पेठेत टांग्याच्या घोड्यांचे पट्टे शिवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून यांनी खाटेच्या जाड नवारीचे, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे पट्टे शिवून घेतले. मापं बघून त्यानं विचारलं, "एवढं लहान घोडं कुठलं?" पट्ट्यांची टोकं यांनी गाडीच्या तळाला बोल्ट मारून पक्की केली. पोती नव्यानं भरली, बांधली, पुन्हा व्हाइटफील्डच्या रस्त्यावर नेली. या वेळी पोती जागची हलली नाहीत. मी मागे वळून हात लावून बघितलं, तेव्हा मला खरं वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला गाडीची पूजा अम्माच्या दारात झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. अम्मानं कोहळा ओवाळून रस्त्यात आपटला आणि मी टोपली घेऊन खाली बसले आणि सगळ्या फोडी उचलून घेतल्या. रस्त्यावर राख टाकून घासलं. शेजारच्या बायका बघत होत्या. दृष्टीला हात लावते म्हणून अम्मानं कपाळावर हात मारून घेतला, पण सणाच्या दिवशी तिला भांडण नको होतं.

मग देवळात जायला आम्ही मुलांना मागे बसवून पट्टे लावू लागलो, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"हे बेडा गे. आज तरी नको. जित्या लेकरांना बांधायचं? बांधून कोणाला नेतात, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होतं. पट्टा पहिल्यांदा धाकट्याच्या छातीवर आवळला तेव्हा माझ्याही मनात तिरडीच आली होती, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. धाकटा आता सव्वातीन वर्षांचा होता. अम्माचा आवाज ऐकून त्याला बळ आलं. त्यानं दोन्ही हात माझ्याकडे पसरले. "मांडी," म्हणाला. "आई, मांडी." भुवईवरचा पांढरा वण रडताना लाल व्हायचा, तसा झाला.

माझे हात पुढे गेले होते. मी ते मागे घेतले.

"मग माझ्याकडे दे," अम्मा म्हणाली. "मी येते देवळापर्यंत. मी धरते घट्ट. माझ्या हातून नाही सुटायचा."

वर्षापूर्वी हे वाक्य मला सुरीसारखं लागलं असतं. आता अम्माच्या हातांकडे बघून मला तिचीच कीव आली. पाच मुलं वाढवलेले हात, बांगड्या मनगटात रुतलेल्या. ती ते दोन्ही हात गाडीच्या दारातून आत घालून उभी होती.

"तुझ्या हातूनही सुटेल, अम्मा," मी म्हटलं. "मी घट्टच धरला होता. मी सोडला नव्हता. तरी गेला."

हे मी तोंडानं पहिल्यांदाच म्हणत होते. सोलून निघालेल्या हातांवरच्या खुणा अजून पुसट दिसत होत्या, त्या मी बांगड्या मागे सारून तिच्यापुढे धरल्या. अम्मानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. ती काय समजली मला माहीत नाही. गणित तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती वाकून आणखी आत शिरली. परकराची नाडी तपासावी तशी तिनं पट्टा आणि धाकट्याचं पोट यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघितली.

"इथं स्वल्प सैल आहे गे," ती म्हणाली. "ओढ जरा."